यंत्राने काढलेली नदी

सकाळचे सात वाजून गेले होते आणि आलापल्लीच्या हेलिपॅडवर उभ्या असलेल्या कॅप्टन यशोधरा रामटेकेला स्वतःच्या हेलिकॉप्टरची शेपटी दिसत नव्हती. डिसेंबरचं धुकं होतं, भाताच्या बांध्यांतून आणि नदीच्या पात्रातून उठलेलं, पिंजलेल्या कापसासारखं दाट. हात लांब केला की बोटं ओली होत होती.

"डोळ्यांनी कशाले बघता मॅडम?" कानातल्या स्पीकरमधून काळबांडे म्हणाला. तो नागपूरच्या कंट्रोल रूममध्ये बसून नभोमणी एअर सर्व्हिसची सगळी उड्डाणं हाकत असे. "हेल्मेट घाला ना. वेंगटोल्याची बाई बाळंत होऊन दीड तास झाला, रक्त थांबून नाही राहिलं. तुम्ही काऊन उभ्या?"

यशोधराने हेल्मेट घातलं.

आणि धुकं गेलं. समोर लख्ख ऊन पडलं, सागाच्या झाडांच्या सावल्या जमिनीवर पसरल्या, दूरची डोंगररांग निळी दिसू लागली. या हेल्मेटचं नाव 'आरपार' होतं आणि गेली दोन वर्षं गडचिरोलीच्या आकाशात त्याचंच राज्य होतं.

त्यातली विद्या समजायला सोपी आहे. आपल्या डोळ्यांना लागणारा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. रडारच्या लहरी त्या थेंबांच्या मानाने लांब असतात, त्या बऱ्याचशा आरपार जातात आणि झाडावर, दगडावर, पाण्यावर आपटून परत येतात. हेलिकॉप्टरच्या नाकावरचं रडार त्या गोळा करतं आणि संगणक त्यांचं चित्र काढून वैमानिकाच्या डोळ्यांपुढे धरतो. पण रडारचं चित्र असतं फाटक्या गोधडीसारखं, जागोजागी भोकं. ती भोकं संगणक स्वतःच्या आठवणीतून बुजवतो. आधी विमानातून काढलेले नकाशे, त्यात शिकलेली झाडं, शिकलेलं ऊन. जिथे काही दिसलं नाही तिथे काय असेल, याचा तो अंदाज बांधतो, आणि अंदाज इतका देखणा रंगवतो की देवाला सृष्टी पुन्हा काढावीशी वाटावी.

आरपार आलं आणि धुक्यातही हेलिकॉप्टर जातं, असं झालं. हे झाल्याबरोबर शहाण्या माणसांनी काय केलं? वेंगटोल्याचा पूल पुढच्या वर्षावर टाकला. तिथल्या दवाखान्यात रक्त ठेवायचा फ्रीज येणार होता, तो आलाच नाही. हेलिकॉप्टर आहे की! एक यंत्र दाखवून दहा कामं बुडवायची, ही आपली जुनी खोड. आणि ज्या वैमानिकाने "आज नको" म्हटलं, त्याचा करार पुढच्या महिन्यात संपला.

यशोधराने सैन्यात अकरा वर्षं हेलिकॉप्टर उडवलं होतं. तिने अजून एकदाही "आज नको" म्हटलेलं नव्हतं.

कंपनीचा नियम असा, की नदी धरून दीडशे फुटांवरून जायचं, रडारला तिथून सगळ्यात चांगलं दिसतं. पामुलगौतमीचं रुंद पाणी तिच्या खाली चकाकत होतं. एका वळणावर दोन काठांवर दोन नवे लोखंडी मनोरे उभे होते आणि त्यांच्यामध्ये विजेच्या जाड तारा. दिवाळीनंतरच ओढलेल्या. आरपारने त्या लाल रंगात ठळक दाखवल्या. यशोधरा त्यांच्यावरून सहज निघून गेली. 'पोराने कमाल केलीय,' ती मनात म्हणाली.

पोरगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ सुगत. आरपारचा भोकं बुजवणारा भाग त्याने लिहिला होता. चंद्रपूरच्या दोन खोल्यांत तिने त्याला दहावीचं गणित शिकवलं होतं. आता तो नागपूरच्या त्याच कंट्रोल रूममध्ये, काळबांडेच्या शेजारच्या टेबलावर बसून यंत्रांवर नजर ठेवत असे.

वेंगटोल्याला लोकांनी पायलटला जागा कळावी म्हणून मैदानाच्या चारी कोपऱ्यांत ओलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पेटवलं होतं. त्यांचं मन चांगलं, पण धूर धुक्यात मिसळून नुसतं काळंपांढरं झालेलं. खाली उतरून हेल्मेट काढलं तर यशोधराला खोकलाच आला.

"विझवा रे ते!" सिस्टर जैनी पुंगाटी ओरडत आली. ती तिथल्या दवाखान्याची नर्स, माडिया, ठेंगणी, आवाजाने तिप्पट. मागून चौघांनी बाजेवरून मैनी मट्टामीला आणलं. एकोणीस वर्षांची. ओठ राखेच्या रंगाचे. "बाळ आजीपाशी ठेवलं. रडून राहिलं, म्हणजे बरं आहे. हिचं सांगा तुम्ही. किती वेळ लागते?"

"गडचिरोलीला पंचवीस मिनिटं."

"पंचवीसच करा मग. सव्वीस नको."

मैनीने डोळे उघडून यशोधराकडे पाहिलं, मग वरच्या पात्याकडे, आणि माडिया भाषेत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"एवढा मोठा पंखा, वाऱ्याने पडंल का म्हणते," जैनी म्हणाली आणि आत बसून दार ओढून घेतलं.

सूर्य वर आला की धुकं जातं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पहिला तासभर उलटं होतं. कोवळ्या उन्हाने खालची हवा ढवळली जाते आणि जमिनीला चिकटलेलं धुकं फुगून वर येतं, जास्त दाट होतं. हेलिकॉप्टर उठलं तेव्हा नेमका तोच तास होता. पण हेल्मेटमध्ये ऊन होतं, त्यामुळे कुणाला काय त्याचं!

सहा मिनिटं गेली. खाली नदी होती, बाजूला झाडं होती. सगळं इतकं रेखीव, की यशोधराला पान न पान मोजता आलं असतं. आणि तिला कुठेतरी खटकलं. काय खटकलं ते कळेना. येताना चित्र जरा थरथरत होतं, कडा फाटत होत्या. आता कॅलेंडरवरच्या देखाव्यासारखं स्थिर होतं.

मग तिला नदी दिसली. म्हणजे ती दिसतच होती, पण आता तिने ती पाहिली. पात्राच्या मधोमध पिवळी वाळू होती. पाणी एका काठाला सरकून ओढ्याएवढं झालं होतं.

डिसेंबरात? अर्ध्या तासापूर्वी तर या काठापासून त्या काठापर्यंत पाणी होतं.

नकाशासाठी विमानं मे महिन्यात फिरली होती. ही मे महिन्यातली नदी होती.

"कंट्रोल, माझं रडार बघा."

"सगळं हिरवं आहे मॅडम," काळबांडे म्हणाला. "एकही लाल दिवा नाही. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

"सुगतला द्या."

"अहो, तो त्याच्या कामात..."

"द्या म्हणते ना!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सुगत. त्याचा आवाज ऐकूनच तिला कळलं, की त्याला आधीपासून ठाऊक आहे आणि बोलायचा धीर होत नव्हता.

"ताई, रडारच्या तोंडावर पाणी साचलंय. झाकणावर गरम हवा मारणारा ब्लोअर बंद पडलाय. पाण्याचा पातळ थर जरी बसला तरी लहरी तिथंच मरतात. बाहेरून काही येतच नाहीये."

"मग मला हे दिसतंय ते काय?"

"अंदाज. एक्क्याण्णव टक्के." तो म्हणाला, "ताई, तुला दिसतेय ती नदी रडारची नाही. माझी आहे."

मागून काळबांडे ओरडत होता, वैमानिकाला घाबरवू नको, उड्डाण चालू आहे. सुगत घाईघाईने बोलत राहिला. "जुना करडा रंग अजून आत आहे. मी इथून लावू शकतो. लावू?"

करडा रंग. पहिल्या आरपारमध्ये जिथे यंत्र अंदाज बांधत होतं, तिथे चित्र राखेसारखं करडं दिसायचं. वैमानिकाला कळायचं, की इथे यंत्राला स्वतःला माहीत नाही. मग करडं जास्त दिसलं की वैमानिक माघारी फिरायचे, आणि उड्डाणं रद्द व्हायची. कंपनीला ते परवडेना. करडा रंग काढून टाकावा, त्याने वैमानिकाचं लक्ष विचलित होतं, असा एक अहवाल झाला. त्याखाली चाचणी वैमानिक म्हणून यशोधरा रामटेकेची सही होती. "तुझी सही असली की काम होतं ताई," सुगत म्हणाला होता, आणि तिने तीन स्वच्छ सकाळी उडून, चहा पीत पीत सही केली होती. कुणी फसवलं नव्हतं. भावाचं भलं होतंय, म्हणून तिने प्रश्न विचारले नव्हते. आपल्याकडे अशाच सह्यांनी माणसं मरतात.

"लाव," ती म्हणाली.

ऊन विझलं. झाडं, डोंगर, वाळू, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत करडं झालं. एखाद्या घरातले सगळे एकदम मेल्यासारखं.

आणि तेव्हा तिला आठवलं, की मघाच्या वळणावर मनोरे होते. आता चित्रात ते वळण आलं होतं आणि तिथे मनोरे नव्हते. मे महिन्यात ते नव्हतेच.

"सुगत, वळण किती लांब?"

"पाचशे मीटर."

ताशी शंभरच्या वर वेग होता. पंधरा-सोळा सेकंद.

तिने हेल्मेट उपसून बाजूला फेकलं. बाहेर दुधासारखं पांढरं. वर, खाली, पुढे, एकच. हाताने वेग कमी करून जागीच थांबावं, असं सगळं अंग ओरडून सांगत होतं. तेच मरण. हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरायला डोळ्यांना एखादं झाड, एखादा दगड लागतो. पांढऱ्यात थांबलेलं हेलिकॉप्टर मागे सरकतंय की खाली चाललंय, कुणालाच कळत नाही. वळायचं तर दरी अरुंद. उरतं एकच, सरळ आणि वर.

तिने ताकद वाढवणारा दांडा वर ओढला. इंजिन कण्हलं.

"मॅडम, आपण डावीकडं पडून राहिलो!" मागून जैनी किंचाळली.

यशोधरालाही तेच वाटत होतं. आपल्या कानाच्या आत पाण्याने भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. अंग कललं की पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते. पण कलणं सावकाश असलं तर पाणी हलतच नाही. आणि वळणं थांबलं तरी पाणी हलत राहतं. डोळे मिटले की कान बिनधास्त खोटं बोलतो, आणि धुक्यात डोळे उघडे असले तरी मिटलेलेच. समोर जुन्या पद्धतीचा एक गोल डायल होता, आकाश निळं आणि जमीन तपकिरी दाखवणारा. कंपनी तो पुढच्या वर्षी काढणार होती. त्या डायलमध्ये हेलिकॉप्टर सरळ होतं.

"डावीकडं, मॅडम!"

"गप्प बस! तुझा कान खोटं सांगतोय. माझाही सांगतोय." आणि मग ती मोठ्याने वाचू लागली, डायलवरून आणि शेजारच्या उंचीच्या काट्यावरून, शाळेत पाढे म्हणावेत तशी. "सरळ. दोनशे फूट. सरळ. अडीचशे. सरळ."

उजव्या हाताला हेलिकॉप्टर उजवीकडे झुकवायची इतकी ओढ लागली होती, की तिने मनगट मांडीवर दाबून धरलं. "तीनशे. सरळ."

जैनीच्या खिडकीखालून काहीतरी काळं, जाड, ताणलेलं मागे सरकलं. एक रेघ. मग दुसरी.

"तार," जैनी म्हणाली.

पाचशे फुटांवर पांढरं पिवळं झालं, आणि साडेपाचशेला ते धुक्याच्या बाहेर पडले. वर खरं ऊन होतं. खाली, चंद्रपूरपासून छत्तीसगडपर्यंत, एकसंध पांढरा समुद्र, आणि त्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले.

यशोधराने इंधनाचा काटा पाहिला.

वर येणं जमलं होतं. पण गडचिरोलीचं रुग्णालय खाली होतं, त्या पांढऱ्याच्या तळाशी, मोबाईलच्या टॉवरांमध्ये आणि विजेच्या तारांमध्ये. ऊन लागून धुकं फाटायला दहा वाजणार. घिरट्या घालायला इंधन नव्हतं. पाच मिनिटांवर कोरकुट्टीचा डोंगर होता, त्याचा माथा उघड्या खडकाचा, सपाट. तिने तिथे उतरवलं आणि इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली, की मैनीचा श्वास ऐकू आला.

"इथं काऊन?" जैनीने विचारलं.

"खाली दिसत नाही. धुकं फाटेपर्यंत थांबायचं."

जैनी मान खाली घालून कामाला लागली. तिने आधीच एक कंडोम नळीला बांधून आत सरकवला होता आणि सलाईनने फुगवला होता, म्हणजे आतून दाब बसून रक्त थांबतं. ही युक्ती गावोगावच्या नर्सना ठाऊक आहे. "सरकारी माल," ती ओठ आवळून म्हणाली. "गावात वाटून वाटून थकलो. आज कामी आला."

पावणेनऊला काळबांडेचा आवाज आला, गूळ लावलेला. "मॅडम, गुड न्यूज. ब्लोअर सुरू झाला. अंदाज अठरा टक्क्यांवर आला. हेल्मेट घाला आणि या खाली. पेशंट गेली तर उत्तर तुम्हाले द्या लागंल, मला नाही."

"सुगतला विचारते."

"मी आहे ताई," सुगत म्हणाला. "आकडा अठराच आहे."

"तू बसशील माझ्या मागे?"

नागपूरच्या त्या खोलीत काळबांडे त्याच्या डोक्यावर उभा असणार, हे तिला इथून दिसत होतं. चंद्रपूरचं घर, आईची औषधं, सुगतची तीन महिन्यांपूर्वी ठरलेली सोयरीक, सगळं त्या गप्प राहण्यात होतं.

"नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "अठरा टक्के हे यंत्रच सांगतंय. सकाळीही त्याने सगळं हिरवं आहे, असंच सांगितलं होतं. मी नाही बसणार."

कुणीतरी लाईन तोडली.

पुढचा तास यशोधराच्या आयुष्यात कधीच संपला नाही. तिने मैनीचे पाय मांडीवर घेऊन चोळले, अंगावर स्वतःचं जॅकेट घातलं. खडकाच्या कडेला जाऊन खाली बघून आली, दहा वेळा. पांढरं तसंच. साडेनऊला जैनीने मैनीची नाडी पुन्हा मोजली आणि तिच्या तोंडावरचा सगळा तिखटपणा गळून पडला.

"मॅडम, चला जाऊ. हे जाते. पडलो तर तिघी मरू, नाही तर हे एकटी मरते. चला."

यशोधरा कॉकपिटमध्ये चढली आणि हेल्मेट घातलं. करडा रंग काळबांडेने पुन्हा काढून टाकला होता. समोर यंत्राने काढलेलं, उन्हात न्हालेलं गडचिरोली होतं. रुग्णालयाच्या गच्चीवरचं हेलिपॅड, त्यावर पांढऱ्या रंगात काढलेलं वर्तुळ, शेजारी आंब्याचं झाड. इतकं जवळ, इतकं नीट. कुठेही एक भोक नव्हतं. बारा मिनिटं फक्त. तिचा हात स्टार्टरवर गेला.

मग तिला कळलं, की आपण रडतोय. हेल्मेटमधल्या शहरावर एक थेंबही पडला नव्हता.

तिने हेल्मेट काढलं आणि खाली उतरली. "नाही जैनी. मी तुम्हाला आंधळी होऊन नेणार नाही."

जैनीने तिला माडियात शिवी दिली. मग मराठीत दिली, म्हणजे कळावी.

नऊ पन्नासला पूर्वेकडच्या पांढऱ्याला पहिली चीर पडली. तिच्यातून खालचं खरं, गढूळ, मोठं पाणी दिसलं. यशोधराने त्या चिरेतून हेलिकॉप्टर खाली घातलं. झाडं होती तशी होती, धुळकट, अर्धी वाळलेली. त्यांच्या शेंड्यांवरून ती उघड्या डोळ्यांनी गडचिरोलीला गेली.

मैनी जगली. गर्भाशय काढावं लागलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाईंनी हातमोजे काढताना सांगितलं, "अर्धा तास आधी मिळाली असती तर कदाचित वाचवता आलं असतं. कदाचित हं." त्यांनी सहज सांगितलं होतं. नभोमणीच्या पत्रकात ते वाक्य 'कदाचित' गाळून छापून आलं. वैमानिकाच्या भीतीमुळे ऐंशी मिनिटं वाया गेली, यंत्रात दोष आढळला नाही. सुगतला दुसऱ्याच दिवशी काढलं. तो बसने गडचिरोलीला आला आणि रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बहिणीशेजारी बसला. दोघांना एकमेकांकडे बघवेना.

"खाली गेले असते तर पोचलेही असते," यशोधरा म्हणाली. "कोण जाणे."

"हो," सुगत म्हणाला. खोटा धीर त्याने दिला नाही. त्या दिवशी तिला भावाबद्दल जितकं वाटलं, तितकं तो इंजिनिअर झाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती वॉर्डात गेली. मैनी उशीला टेकून बसली होती, आजीने आणलेल्या बाळाला पाजत होती. जैनी स्टुलावर. यशोधराने जैनीला सांगितलं, मी बोलते ते जसंच्या तसं हिला सांग, मऊ करू नको.

"तुला डोंगरावर मी थांबवलं. तास-दीड तास. हेल्मेट घालून खाली जाता आलं असतं. मी गेले नाही. तुला आता दुसरं मूल होणार नाही, त्यात माझा वाटा आहे."

जैनीने सांगितलं. वेळ लागला. मैनीने बाळ एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला घेतलं. ती बाळाच्या टाळूकडेच बघत होती. तिचे डोळे भरले, आणि तिने ते पुसले नाहीत. मग मान वर करून तिने एवढंसं काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"खाली तुम्हाले दिसत होतं का म्हणते."

"नाही," यशोधरा म्हणाली.

हे सांगायला जैनीची गरज पडली नाही. मैनीला कळलं. तिने यशोधराकडे असं पाहिलं, जसं शाळेत न गेलेली बाई शिकलेल्या बाईच्या वेड्या बोलण्याकडे बघते, आणि जैनी सांगायच्या आत, मोडक्या मराठीत, स्वतःच म्हणाली,

"दिसत नाही, तर कसं जाईल?"